आपल्या दोघांचं क्रिएटिनिन

दादा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात येणारा जो तो मला एकच विचारत होता, "एकाएकी काय झालं हो भास्करला?" मी हात जोडले, पाणी पुढे केलं, बसायला सतरंजी दाखवली. आतून मात्र ओरडावंसं वाटत होतं, की एकाएकी नाही हो, बारा वर्षं लागली याला. पण लोकांचाही काय दोष? दिंडोरी रोडवरच्या तुझ्या गॅरेजात त्यांनी तुला पाहिलेलं. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या ब्लोअरचा पंप एकट्याने खांद्यावर घेणारा, तोंडाने सतत काहीतरी बडबडणारा. डायलिसिसला निघालास तरी शेजारच्याला म्हणायचास, "जरा दवाखान्यात जाऊन येतो," जशी काही दाढ दुखतेय.

तुझं हे सगळं माझ्यापासून सुरू झालं. 'माझ्यामुळे' म्हणत नाहीये. तो शब्द तू मला कधी उच्चारू दिला नाहीस आणि आता तुझ्या पश्चातही मी तो वापरणार नाही. पण सुरुवात माझ्यापासून झाली हे खरं.

शहाण्णव साली मी दिंडोरीच्या पुढे एका शाळेवर शिकवायला जात होते. डोकं दुखायचं. आई म्हणायची, उन्हाचं दुखतंय, फडकं बांध. आबाही तसंच फडकं बांधायचे. एके दिवशी ते कामावरून येऊन ओट्यावर बसले, तोंड वाकडं झालं आणि दोन दिवसांत गेले. तरी त्यांच्या फडक्याचा आणि माझ्या फडक्याचा संबंध आपल्या घरात कुणी जोडला नाही. मग माझे पाय सुजायला लागले. फळ्यावर लिहिता लिहिता मळमळायचं. एका सकाळी तू मला मोटारसायकलवर मागे बसवलंस आणि गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, परत भरली आणि मला विचारलं, "तीस वर्षांच्या आहात. आजवर कुणीच प्रेशर बघितलं नाही तुमचं?"

खरंच कुणी बघितलं नव्हतं. बघावं लागतं हेच माहीत नव्हतं.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन हा शब्द आपण दोघांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की किडनीने बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय ते हा आकडा सांगतो, तो एकच्या आसपास हवा. माझा नऊच्या वर होता. किती वर्षं चढलेलं प्रेशर आतल्या आत दोन्ही किडन्या खात बसलं होतं, कोण जाणे. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "माझ्याकडे दोन हायेत ना. एक काढा आन् हिला बसवा." ट्रॅक्टरचा एखादा पार्ट सांगावा तसं. डॉक्टर हसले नाहीत. मला मात्र त्या खुर्चीत हसू फुटलं, नंतर रडू.

वहिनी तेव्हा घाबरल्या होत्या. तुमची पल्लवी नऊ वर्षांची. मला वाटलं होतं त्या अडवतील, आणि अडवलं असतं तरी मी त्यांना नावं ठेवली नसती. पण भाकरी थापता थापता त्या एवढंच म्हणाल्या, "द्या. बहीण आहे तुमची. पण आधी स्वतःचं सगळं तपासून घ्या. मला माणूस धड परत पाहिजे."

आपला रक्तगट जुळला त्या दिवशी तू अख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेस. मग ती चोवीस तासांची लघवी. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला आणि सांगितलं, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी यातच, एक थेंबही बाहेर नाही. तू काम बंद ठेवायला तयार नव्हतास, म्हणून कॅन गॅरेजात नेलास आणि पोत्याखाली ठेवलास. वणीकडचा एक बागाईतदार पंप घ्यायला आला होता. त्याने कॅन उचलून उन्हात धरला आणि विचारलं, "मिस्त्री, हे कोणतं औषध?" तू म्हणालास, "नवीन हाय. अजून बाजारात आलं नाय." आईला हे सांगताना तुझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतास. आपल्या घरातलं ते शेवटचं असं मोकळं हसणं असावं, दादा. त्याच कॅनमधून पहिली वाईट बातमी आली. लघवीतून प्रोटीन जात होतं, थोडं नाही, भरपूर. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, मुंबईला पुन्हा तपासू, कधीकधी चुकतं.

चुकलं नव्हतं. मुंबईच्या त्या हॉस्पिटलात त्यांनी तुझं प्रेशर आधी एका हाताला घेतलं, मग दुसऱ्या, मग झोपवून, मग उभं करून. डोळ्यांत औषध टाकून पडदा पाहिला. छातीला वायरी लावून कार्डिओग्राम काढला. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला आत बोलावलं. प्रेशर जुनं आहे, हृदयाची भिंत जाड झालीय, किडनीला मार बसायला सुरुवात झालीय. "तुमची किडनी आम्ही घेऊ शकत नाही."

"पुन्हा मोजा," तू म्हणालास. "रात्री झोप नव्हती. गाडीतून उभा राहून आलोय."

"चार वेळा मोजलंय."

"साहेब, मला काहीच होत नाय. डोकं दुखत नाय, चक्कर नाय. सकाळी इंजिन खोलून ठेवून आलोय."

"म्हणून तर वाईट आहे हे," डॉक्टर म्हणाले. "आज बहिणीसाठी आलात. यापुढे स्वतःसाठी यायचं."

तू जिन्यात जाऊन बसलास. लोक तुला ओलांडून वर-खाली जात होते. एवढा मोठा माणूस तू, पण त्या पायरीवर गुडघे छातीशी घेऊन इतका लहान दिसत होतास, की मला तुझ्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. परतीच्या वाटेवर कसारा घाट संपला. मग खिडकीबाहेर बघतच म्हणालास, "सुमे, मी नापास झालो."

चौतीस वर्षांचा होतास. गेला होतास किडनी द्यायला आणि आलास पेशंट होऊन.

त्यानंतर आई पुढे आली. जन्मभर दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत राबलेली आपली आई. तिचं प्रेशर, साखर, लघवी, रक्त, सगळं निर्मळ निघालं. ढीगभर कागदांवर तिचे अंगठे घ्यायला लागले तेव्हा ती वैतागून म्हणाली, "हिला आख्खं शरीर दिलं तवा कुनी अंगठा घेतला नव्हता. आता येवढ्याशा तुकड्याला लय कागद!" तिला स्ट्रेचरवरून आत नेताना तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. मी दुसऱ्या स्ट्रेचरवर होते, मला दिसलं.

आपण दोघं वाचलो, असंच मी धरून चालले होते. दर तीन महिन्यांनी आपली वारी ठरलेली असायची. उपाशीपोटी, सकाळी, लॅबमधल्या त्याच बाकावर. क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रोटीन. शेजारी शेजारी दंड पुढे करायचो आणि कापूस दाबून बाहेर पडायचो. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला तू सांगून ठेवलं होतंस, की आपल्या दोन प्लेट पोह्यांत मीठ टाकायचं नाही. पहिल्यांदा तो म्हणाला होता, "मग पोहे कशाला खाता, कागद खा ना." संध्याकाळी रिपोर्ट आणायचो तेव्हा तू पाकीट उघडायच्या आधी विचारायचास, "तुझं किती?" सहामाहीचे मार्क असल्यासारखं.

एक गोष्ट इथे मला ठासून लिहायची आहे, कारण मांडवात एकाने माझ्यासमोर 'पथ्य पाळलं नसेल' असं म्हटलं. दादा, तू पथ्य पाळलंस. तंबाखू सोडलीस. पापड, लोणचं, सुकट, सगळं ताटातून गेलं, आणि सुकटीशिवाय तुला घास उतरत नव्हता हे आपल्या घराला माहीत आहे. प्रेशरची गोळी तू प्रवासातही चुकवली नाहीस. वर्षानुवर्षं तुझं प्रेशर आटोक्यात होतं. पण आत जे मोडायला लागलं होतं, ते सापडायच्या आधीच बरंच मोडून झालं होतं. डॉक्टर म्हणायचे, तुमच्या गोळ्यांनी आणि तपासण्यांनी इतकी वर्षं मिळाली, नाहीतर केव्हाच संपलं असतं. लोकांना हे कळत नाही. माणूस आजारी पडला की त्याने काहीतरी चुकवलं असणार, असं मानलं की त्यांना झोप लागते.

माझा आकडा एकाच्या थोडा वर जाऊन थांबला तो तिथेच राहिला. तुझा दीड झाला, मग दोन, मग अडीच. तीनच्या पुढे गेल्यावर तू माझ्याबरोबर यायचं बंद केलंस. कामाची सबब सांगायचास. वहिनी एकदा बोलून गेल्या, "ते जातात हो ताई, पण तुमच्या आधी दोन दिवस जाऊन येतात." मी तडक गॅरेजवर आले. तू ट्रॅक्टरखाली होतास, नुसते पाय दिसत होते.

"माझ्याबरोबर यायला काय झालं तुला?" मी तुझ्या पायांना विचारलं.

खालून बराच वेळ पान्हा फिरल्याचा आवाज आला. मग तू म्हणालास, "तुझा रिपोर्ट चांगला आला की तुझं तोंड पडतं, सुमे. माझ्यासमोर पाकीट उघडायला लाजतेस तू. मला ते बघवत नाय."

मी तुझ्या पायांशेजारी खाली बसले.

"आईनं दिलेली वस्तू झकास चालतेय," तू म्हणालास. "त्याचं तोंड पाडून कसं चालंल? चांगला आला तर हसत जा. मला तेवढंच बरं वाटतं."

त्यानंतर आपण पुन्हा एकत्र जायला लागलो. मी पाकीट उघडायचे आणि हसायचे. ते हसू तुझ्यासाठी ओढून आणलेलं आहे हे तुला कळत होतं, आणि तुला कळतंय हे मला. तरी तू टाळी द्यायचास.

मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. वहिनींचा रक्तगट जुळला नाही. आई एका संध्याकाळी सहज बोलावं तसं म्हणाली, "माझी दुसरी घ्या की. मला आता काय करायची?" तू जेवत होतास. हसलास आणि म्हणालास, "आई, तुला दुकान बंद करायचंय का?" मी मात्र तेव्हा ते बोलले, जे आपण इतकी वर्षं बोललो नव्हतो. म्हटलं, "दादा, आईची माझ्याकडे नसती तर आज..."

तू ताट सरकवलंस. आमटी सांडली. "हे पुन्हा तोंडातून काढलंस तर या घरात पाय ठेवू नको." माझ्यावर तू इतक्या मोठ्या आवाजात कधी ओरडला नव्हतास. मी उठून माझ्या खोलीत गेले. अर्ध्या तासाने पल्लवी बोलवायला आली, "आत्या, पप्पा म्हणतात तू आल्याशिवाय ते जेवणार नाहीत." मी आले. तू माझ्या ताटात भाकरी वाढलीस. ते वाक्य मात्र अर्धंच राहिलं. ते पूर्ण झालं असतं तर पुढे काय बोलले असते, हे मलाही सांगता येणार नाही.

पल्लवीने ते सगळं ऐकलं होतं. वीस वर्षांची पोर, बी.एस्सी.ला. तिने पुस्तकांतून काढून वाचलं आणि तुझ्यापुढे येऊन उभी राहिली, "पप्पा, माझी घ्या." तू नाही म्हणालास. ती रोज विचारायची, तू रोज नाही म्हणायचास. मी तिच्या बाजूने होते, हे तुला कधी आवडलं नाही.

"निदान तपासू तरी दे तिला," मी म्हटलं.

"तपासलं की पुढची पायरी येते. माहिताय मला. मी चढून बघितल्यात त्या."

"मी आईची घेतलीच ना?"

"आई देत होती. खाली देत होती. मी वर ओढून घेऊ का पोरीकडून? तिचं लग्न व्हायचंय, लेकरं व्हायचीत. आपल्याच घरातलं रक्त हाय तिचं. उद्या तिला लागली तर ती कुठं हात पसरील?"

"आणि तू गेलास तर तिने आयुष्यभर काय म्हणायचं? मी देत होते आणि बापाने घेतली नाही?"

 तू घड्याळाकडे बघून म्हणालास, "बागांची गडबड संपू दे. मग बसू निवांत. बोलू."

गडबड संपायच्या आधी अवकाळी पाऊस आला. बागा फुलोऱ्यात होत्या, पावसामागून धुकं. रोग पसरायच्या आत फवारणी झालीच पाहिजे, म्हणून सगळ्या तालुक्याचे ब्लोअर एकाच वेळी तुझ्या दारात येऊन उभे राहिले. तू मंगळवारचं डायलिसिस पुढे ढकललंस. वहिनींना म्हणालास, "शुक्रवारी करतो, एका वेळंनं काय होत नाय." गुरुवारी दुपारी गॅरेजात पंप चालू करून बघताना तू खाली बसलास. तुझ्या माणसांनी रिक्षात घातलं. मी शाळेतून थेट हॉस्पिटलला पोचले तेव्हा तू पडद्यामागे होतास आणि डॉक्टर तुझ्या छातीवर दाब देत होते.

तुला आणल्या आणल्या रक्त काढलं होतं. पोटॅशियमचा रिपोर्ट तू गेल्यानंतर आला. लॅबमधून फोन आला आणि नर्सने सवयीने आकडा मोठ्याने म्हटला, "भास्कर, पोटॅशियम आठ." कुणीतरी तिला खूण केली. आठ, दादा. पाचच्या आत असावं लागतं ते. रक्तात एवढं साठलं की हृदय थांबतं.

हे तुला ठाऊक होतं. डायलिसिसच्या शेजारच्या खाटेवर नवीन आलेल्या माणसाला तूच समजावून सांगायचास, की शहाळं नको, केळी नको, द्राक्षं तर हातात धरू नको, आणि खाडा मुळीच करू नको. मला तुला एकदाच विचारायचंय आणि मग सोडून द्यायचंय. नुसती कामाची घाई होती ना? पल्लवीच्या रोजच्या विचारण्यातून सुटायला तर नाही? तुला मी ओळखते, तू दुसऱ्याचा पंप दुरुस्त करता करता स्वतःला विसरू शकतोस. बहुतेक तेच झालं असावं. तेच झालं, असं मी ठरवलं आहे.

पल्लवी पुण्यानुमोदनापर्यंत रडली नाही. पाहुणे गेल्यावर माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "तू आजीची घेतलीस. पप्पांनी माझी का नाही घेतली? मी काय कमी होते?" मी तिला जवळ घ्यायला गेले, तिने हात झटकला. तुझ्या बाजूने काहीतरी बोलायला हवं होतं. पण वर्षभर मी तिच्याच बाजूने भांडले होते, तुझी बाजू माझ्या जिभेवर येईना. दोन दिवस पोर आईशी बोलली नाही, माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनींनीच विषय काढला. रडून रडून आवाज बसलेला, पण शब्द स्पष्ट होते. "ताई, हिला घेऊन जा. सगळं तपासून आणा. आता मला अंधारात राहायचं नाही."

काल तिला स्कूटीवर मागे बसवून गंगापूर रोडला नेलं. आपलेच डॉक्टर. त्यांचेही केस पांढरे झालेत. त्यांनी पट्टा गुंडाळला. हवा सोडली. तिला दहा मिनिटं शांत बसवलं आणि परत घेतलं. मग दुसऱ्या हाताला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, दादा, आणि मला बाकीचं ऐकायची गरज नव्हती.

प्रेशर तिच्या वयाला जास्त आहे. लघवीत प्रोटीन किंचित उतरतंय. क्रिएटिनिन चांगलं आहे, किडन्या चांगल्या आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजतील, तसंच राहिलं तर गोळी सुरू करतील. "फार लवकर सापडलं," डॉक्टर म्हणाले. "नीट राहिली, तपासत राहिली तर म्हातारी होईल ही." मी विचारलं, "हिने वडलांना दिली असती तर?" त्यांनी चष्मा काढला. "हिला दारातूनच परत पाठवलं असतं. भास्करला पाठवलं तसंच."

वर्षभर आपण भांडलो ते कशासाठी, दादा? तुला ती घेता आली नसती आणि तिला ती देता आली नसती. हे तुला एका सकाळच्या तपासणीत कळलं असतं, पण मग पोरगी आजारी आहे हेही कळलं असतं. कोणतं बरं होतं, मला सांगता येत नाही. आबांना कधी कुणी तपासलंच नाही. मला तपासलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तुला चौतिसाव्या वर्षी कळलं, तेही माझ्यासाठी गेलास म्हणून. हिला एकविसाव्या वर्षी कळलं, तू गेलास म्हणून.

परत येताना ती मागे बसली होती. तिच्या मनात काय चाललंय मला कळत नव्हतं, विचारायची हिंमतही नव्हती. सिग्नल लाल झाला, मी थांबले. मागून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, कितीतरी दिवसांनी, आणि हळूच म्हणाली, "आत्या, पप्पांना सांगू नको हं. उगीच काळजी करतील."

मीही पटकन म्हटलं, "नाही सांगत."

मग तिच्या लक्षात आलं. तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं आणि ती रडायला लागली, मोठ्याने, रस्त्यात. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवत होते, आजूबाजूने गाड्या निघून जात होत्या, आणि माझ्याने स्कूटी हलवेना.